गोठ्यातली बाटली आणि पिंजऱ्यातला जीव

कोल्हापुरात पाळलेला गिनीपिग खाजवायला लागला की पहिला सल्ला बहुधा गोठ्यातून येतो. घर राजारामपुरीत असो की करवीर तालुक्यातल्या एखाद्या वाडीत, नात्यागोत्यात कुणाची तरी म्हैस असतेच आणि गोचिडांसाठी आणलेली बाटली कुणाच्या तरी फळीवर उरलेली असतेच. ‘आमच्या म्हशीला गुण आला, ह्याला दोन थेंब टाक की,’ असं मामा किंवा चुलते अगदी मनापासून सांगतात. हेतू चांगला असतो, पुष्कळदा औषधाची जातही बरोबर असते. जीव जातो तो मापामुळे.

हिशोब एकदा नीट मांडू. जनावरांसाठी मिळणाऱ्या एक टक्का आयव्हरमेक्टिनच्या इंजेक्शनात एका मिलिलिटरला 10 मिलिग्रॅम औषध असतं आणि ते 50 किलो वजनाला एक मिलिलिटर या प्रमाणात टोचतात. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो, म्हणजे एक थेंब हा अडीच किलो वजनाचा डोस झाला. मोठा गिनीपिग 800 ग्रॅम ते एक किलोचा, सीरियन हॅमस्टर सव्वाशे ग्रॅमच्या आसपास, पांढरा उंदीर जेमतेम 30 ग्रॅमचा. त्या उंदराच्या पोटात एक थेंब गेला, तर म्हशीच्या हिशोबाने ऐंशीपट डोस गेला. लहान प्राण्यांना डॉक्टर किलोमागे थोडं जास्त औषध देतात हे धरलं, तरी ही तफावत भरून निघत नाही. जास्त झालेलं आयव्हरमेक्टिन मेंदूवर परिणाम करतं. प्राणी झोकांड्या खातो, थरथरतो, लाळ गाळतो आणि गुंगीत जातो. त्यावर उतारा असा नाही. डॉक्टर ऊब आणि सलाइन देऊन त्याला धरून ठेवायचा प्रयत्न करतात, एवढंच त्यांच्या हातात असतं.

अमिट्राझ, डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन ही बादलीभर पाण्यात मिसळून म्हशीच्या अंगावर मारायची औषधं तर अजिबात नकोत. उंदीरवर्गातले प्राणी दिवसभर अंग चाटत असतात. कातडीवर टाकलेलं सगळं तासाभरात पोटात जातं. कुत्र्याचा गोचीडपट्टा, कुत्र्याची पावडर यांनाही हाच नियम. फिप्रोनिल हे कुत्र्यांना मानेवर लावायचं औषध सशांना मारक ठरतं आणि आपल्याकडे ससा-गिनीपिग एकाच पिंजऱ्यात ठेवायची पद्धत फार. एकाला लावलेलं औषध दुसरा चाटतो, हे लक्षात ठेवा. खरं तर दोघांना वेगळं ठेवणंच बरं.

औषधाआधी ओळख पटवायला हवी. सकाळी उन्हाच्या कवडशात बसा, मांडीवर जुना टॉवेल, त्यावर काळा कार्डपेपर. गिनीपिगला टॉवेलवर घेऊन उवा काढायच्या बारीक फणीने मानेपासून शेपटाच्या बाजूला हळूहळू केस विंचरा आणि फणी कागदावर झटका. दोन मिनिटं कागदाकडे नुसतं बघत राहा. पिवळसर, लांबट, एक-दीड मिलिमीटरचे कण सावकाश सरकताना दिसले तर त्या उवा. कानामागे आणि मानेवर केस उलटे केले की केसाच्या बुडाशी चिकटलेल्या लिखाही दिसतात. कोंडा झटकला की सुटतो, लीख सुटत नाही, ती नखाने ओढावी लागते. आईवर्गाला सगळ्यात मोठी धास्ती असते ती या उवा मुलांच्या डोक्यात जाण्याची. तशा त्या जात नाहीत. गिनीपिगची ऊ माणसावर जगत नाही.

डोळ्यांना दिसतो तो किडा त्या मानाने बरा. खरा त्रास देतो तो न दिसणारा, कातडीत बीळ करून राहणारा खरजेचा माइट. गिनीपिगमध्ये त्याचं नाव ट्रिक्साकॅरस केव्हिई. पाठ, खांदे, मांड्यांच्या आतल्या बाजूचे केस जातात, कातडी जाड आणि पिवळट खपल्यांची होते, आणि खाज इतकी भयंकर असते की हात लावताच प्राणी ताठ होऊन पडतो, झटके देतो. लोकांना वाटतं याला मिरगी आली किंवा कुणी विष घातलं. हे खाजेचे झटके आहेत. अशा प्राण्याला उचलून उचलून दाखवू नका, अंघोळ घालू नका, मऊ कापड घातलेल्या खोक्यात ठेवून त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. हा माइट अंगावर महिनोन्‌महिने गप्प बसू शकतो आणि गाभणपण, आजारपण, घर बदलणं, उपासमार असा काही ताण आला की उसळतो. म्हणून ‘नवीन प्राणी तर आणलाच नाही, मग आलं कुठून?’ या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा ‘आधीपासूनच होतं’ असं असतं.

गिनीपिगला माणसासारखंच शरीरात क जीवनसत्त्व तयार करता येत नाही. ते कमी पडलं की कातडी कमजोर होते आणि किड्यांचं फावतं. पेरू, ढोबळी मिरची, कोथिंबीर यांपैकी काहीतरी रोज पोटात जायला हवं. खरजेच्या उपचारात हा भाग औषधाइतकाच मोलाचा आहे, तरी तो कुणी सांगत नाही.

पांढऱ्या उंदरांत आणि पाळीव रॅटमध्ये केसांच्या बुडाशी राहणारे माइट जास्त. डोकं, मान, खांदे या मागच्या पायाने पोहोचता येणाऱ्या जागी ओरखडे आणि बारीक खपल्या दिसतात. हॅमस्टरमध्ये डेमोडेक्स माइट निरोगी अंगावरही थोडे असतात. म्हाताऱ्या, आजारी हॅमस्टरचे कंबरेवरचे केस त्यांनी जाऊ लागले, तर आत दुसरा काही आजार आहे का हे आधी तपासायला हवं.

किडा नसताना किड्याचा उपचार करणं हाही मोठा घोळ आहे. सीरियन हॅमस्टरच्या दोन्ही कुशींवर काळसर ठिपका असतो, ती वासाची ग्रंथी. गिनीपिगच्या कानामागे जन्मतःच टक्कल असतं. रॅटच्या डोळ्याभोवती, नाकाशी लालसर ओघळ दिसतो, ते रक्त नसून डोळ्यामागच्या ग्रंथीचा स्राव असतो आणि प्राणी ताणात किंवा आजारी असल्याची ती खूण असते. एका पिंजऱ्यातला दांडगा उंदीर इतरांच्या मिशा आणि तोंडावरचे केस कुरतडून साफ करतो, तिथे कातडी मात्र स्वच्छ गुळगुळीत असते. मादी गिनीपिगच्या दोन्ही कुशींचे केस सारखे गेले आणि खाज नसेल, तर बहुधा बीजकोशातल्या गाठी. आणि आपल्याकडच्या ओल्या हवेत सगळ्यात जास्त फसवतो तो नायटा. नाक, डोळे, कान यांच्या आसपास गोल, खपलीदार चट्टे. हा बुरशीचा रोग माणसाला, विशेषतः मुलांना, सहज लागतो आणि आयव्हरमेक्टिनने तसूभरही हलत नाही. म्हणून कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याचा आग्रह डॉक्टरकडे धरा. खरवडलेल्यात खरजेचा माइट प्रत्येक वेळी सापडतोच असं नाही. लक्षणांवरून उपचार देऊन बघण्याचा निर्णय डॉक्टरांनी घेतला तर तोही रास्त आहे.

आता बिछान्याकडे येऊ. माझ्या मते अर्धा उपचार इथेच आहे. आपल्याकडे पिंजऱ्यात भाताचं पिंजर किंवा वखारीतला भुसा घालतात. दोन्ही स्वस्त, दोन्ही भरपूर. पण शेतात, अंगणात रचलेल्या पिंजराच्या गंजीत रानउंदरांची घरं असतात आणि त्यांच्या अंगावरचे किडे त्या काडीतून थेट तुमच्या पिंजऱ्यात येतात. पिंजर वापरायचंच असेल तर गंजीच्या बुडातलं, कुबट वास येणारं घेऊ नका. एप्रिल-मेमध्ये पत्र्यावर पातळ पसरून कडक उन्हात उलटंपालटं करा, मग झाकणाच्या पिंपात भरून ठेवा. जूननंतर हा मार्ग बंदच होतो. तेव्हा लागेल तेवढं पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये दोन-तीन दिवस ठेवा किंवा सरळ जुन्या वर्तमानपत्रांच्या पट्ट्या वापरा. किड्यांचा उपचार चालू असताना तर फक्त कागदच वापरावा. तो रोज किंवा दिवसाआड बदलता येतो, त्यावर किडा दिसतो, आणि पिशवीत बांधून लगेच घराबाहेर टाकता येतो.

लाकडी खोक्याचा पिंजरा या काळात घात करतो. उष्ण प्रदेशात घरउंदरावर राहणारा एक रक्तपिपासू माइट आहे, ऑर्निथोनिसस बॅकोटी. तो दिवसा प्राण्याच्या अंगावर सापडतच नाही. खाचांत, सांध्यांत, फळीखाली लपतो आणि रात्री रक्त प्यायला चढतो. प्राणी खाजवतोय, अशक्त होतोय, फणीत मात्र काही येत नाही, अशा वेळी एक गोष्ट करून बघा. दिवे मालवून दोन-तीन तास गेल्यावर पांढरा ओला टिश्यू बोटाला गुंडाळून पिंजऱ्याच्या कोपऱ्यांतून, सळ्यांच्या जोडांतून फिरवा आणि विजेरीच्या उजेडात बघा. त्यावर लालसर तपकिरी रेघ उमटली, तर तो रक्त प्यालेला माइट चिरडला गेला आहे. हा प्राण्याविना कित्येक आठवडे तग धरतो आणि माणसालाही चावतो. इथे प्राण्याला कितीही औषध दिलं तरी पिंजरा तसाच असेल तर काही उपयोग नाही. लाकूड टाकून द्या, प्लॅस्टिकचा टब किंवा लोखंडी पिंजरा घ्या, उकळतं पाणी ओता, कापडं उकळा, पिंजऱ्यामागच्या भिंतीच्या भेगा बुजवा.

आणि घरात उंदीर आहेत का ते पाहा, कारण हा माइट आणि उंदरावरची पिसू त्यांच्याबरोबरच येते. कोल्हापुरात याचे हंगाम ठरलेले आहेत. ऊस तुटला की फडातले उंदीर वस्तीकडे सरकतात. पंचगंगेला पूर आला की नदीकाठचे उंदीर वरच्या घरांत शिरतात. 2019 आणि 2021 चे पूर ज्यांनी पाहिले त्यांना हे वेगळं सांगायला नको. अशा वेळी घरात उंदराचं औषध ठेवायची घाई होते. पण उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा थंड पडणारं शरीर सोडतात आणि जवळचं उबदार अंग शोधतात. ते अंग तुमच्या गिनीपिगचं असू शकतं.

ही गोष्ट आपल्याच मुलखात, फार मोठी किंमत मोजून कळलेली आहे. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या काही वर्षांत तो शाहू महाराजांच्या कोल्हापूर संस्थानातही पोहोचला. उंदीर पडायला लागले की घर सोडून रानात झोपडी घालायची, हे त्या पिढीला अनुभवाने माहीत होतं. कारण मात्र कळलेलं नव्हतं. 1898 मध्ये फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी त्या वेळी मुंबई इलाख्यात असलेल्या कराचीत उंदरावरची पिसूच प्लेग वाहून नेते हे प्रयोगाने दाखवलं. आरंभी त्यांच्यावर फारसा कुणी विश्वास ठेवला नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत ग्लेन लिस्टन आणि नंतर प्लेग आयोगाच्या संशोधकांनी काय केलं असेल? उंदीर मेलेल्या घरांत त्यांनी गिनीपिग सोडले. पिसवा त्यांच्या अंगावर चढल्या आणि मोजता आल्या. गिनीपिग हा त्यांच्यासाठी पिसवांचा सापळा होता.

आज प्लेगच्या भीतीने पिंजरा घराबाहेर काढायची गरज नाही. तो धडा मात्र तसाच लागू आहे: उंदरांचा बंदोबस्त करायचा तर आधी पाळलेला प्राणी दुसऱ्या खोलीत हलवा, पिंजरा भिंतीपासून दूर, टेबलावर ठेवा, सांडलेलं दाणापाणी रात्री उचला, आणि विषापेक्षा सापळ्याला पसंती द्या, म्हणजे मेलेला उंदीर कपाटामागे पडून राहत नाही. तो हाताने उचलू नका. चिमट्याने पिशवीत घालून तोंड लगेच बांधा.

डॉक्टर शोधताना एक अडचण येते. आपला जिल्हा दुधाचा. इथल्या बहुतेक पशुवैद्यांचा हात म्हशी-गाईंवर बसलेला, आणि त्यात त्यांचा दोष काहीच नाही. फोनवर सरळ विचारा: गिनीपिग, हॅमस्टर बघता का? वजन करून डोस काढाल का? औषध पातळ करून द्याल का? कुत्र्या-मांजरांचे दवाखाने आता शहरात पुष्कळ आहेत, तिथे सोय होण्याचा संभव जास्त. जिल्हा पशुवैद्यकीय चिकित्सालय आहेच, आणि गुंतागुंतीचं दुखणं असेल तर पुणे-बंगळूर महामार्गावर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. जाताना घरून वजन करून जा. गिनीपिगला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. उंदीर-हॅमस्टरला सोनार वापरतात तसा एक ग्रॅमचाही फरक दाखवणारा छोटा काटा हवा. फणीत आलेले कण पारदर्शक चिकटपट्टीवर चिकटवून न्या, खाजवतानाचा व्हिडिओ न्या. प्राण्याला उपाशी ठेवून नेऊ नका. हे प्राणी ओकू शकत नाहीत आणि गिनीपिगचं आतडं रिकामं राहिलं तर ते थांबतं.

औषध बहुधा आयव्हरमेक्टिन किंवा मानेवर लावायचं सेलामेक्टिन असेल. कुठलं आणि किती, ते डॉक्टरांनीच ठरवायचं. तुमच्याकडे राहतं ते वेळापत्रक. आयव्हरमेक्टिन अंड्यांना मारत नाही, म्हणून आठवडा ते दोन आठवड्यांच्या अंतराने डोस पुन्हा द्यावा लागतो, बहुतेकदा तीनदा. पहिल्या डोसनंतर चार-पाच दिवसांत खाज कमी होते आणि घरचे निश्चिंत होतात. नेमकी त्याच वेळी अंडी फुटतात. भिंतीवरच्या कालनिर्णयावर पुढच्या दोन तारखांना आजच गोल करून ठेवा. डोस घरातल्या सगळ्या प्राण्यांना एकाच दिवशी, धडधाकट दिसणाऱ्यालाही. मागच्या पायांची नखं डॉक्टरकडून कापून घ्या, निम्मे ओरखडे तिथेच थांबतात. खाजवून जखमा चिघळल्या असतील तर प्रतिजैविक लागेल, तेव्हा एक गोष्ट तोंडाने विचारून खात्री करा: गिनीपिग आणि हॅमस्टरला तोंडावाटे पेनिसिलीन, अमॉक्सिसिलीन चालत नाही. मुलाच्या तापासाठी आणलेलं सिरप पाजल्यावर आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि प्राणी हगवणीने जातो.

घरगुती उपायांबद्दल सौम्य बोलणं मला जमत नाही. तंबाखूचं पाणी, रॉकेल, फिनेल, डांबरगोळी, टर्पेंटाइन, यांतलं काहीही या प्राण्यांच्या जवळ नेऊ नका. निपाणीच्या बाजूला तंबाखू घराघरांत, आणि गुरांच्या उवांवर तिचं पाणी लावायचा उपाय जुन्या माणसांच्या तोंडी आहे. पण निकोटीन कातडीतूनही शोषलं जातं आणि 30 ग्रॅमच्या अंगाला ते पेलत नाही. कडुलिंबाचं, करंजाचं तेल चोपडलं की केस चिकट होतात, प्राणी दिवसभर ते चाटत बसतो आणि कातडीत बीळ केलेला माइट जागेवरच राहतो. उंदीर-हॅमस्टरला अंघोळही नको, पावसाळ्यात ती गारठ्याने जीव घेते.

जून ते सप्टेंबर या महिन्यांत आणखी एक संकट. जुलाब झालेल्या, लठ्ठ किंवा म्हाताऱ्या गिनीपिगच्या शेपटाकडची बाजू ओली, घाण राहते. तिथे माशी अंडी घालते आणि एका दिवसात अळ्या मांसात शिरतात. या दिवसांत रोज संध्याकाळी प्राण्याला उचलून मागची बाजू पाहावी, ओली असेल तर कोमट पाण्याने पुसून कोरडी करावी, पिंजऱ्याला मच्छरदाणीचं कापड लावावं. अळ्या दिसल्याच तर सकाळची वाट बघू नका. म्हशीच्या जखमेत टर्पेंटाइन ओततात, ते इथे मुळीच नाही. दिसतील तेवढ्या चिमट्याने काढत दवाखान्याकडे निघा.

घरातल्या कुणाच्या मनगटावर, पोटावर, कोपराच्या आत बारीक खाजरे पुरळ उठले तर त्वचारोगतज्ज्ञाला घरात गिनीपिग किंवा उंदीर आहे हे आपणहून सांगा. गिनीपिगच्या खरजेचा माइट माणसावर वंश वाढवत नाही, प्राणी बरा झाला की ते पुरळही जातात. नायटा असेल तर मात्र माणसाला वेगळा उपचार लागतो. मुलांकडून प्राणी हिरावून घेऊ नका. उपचार संपेपर्यंत पूर्ण बाह्यांचा शर्ट, हाताळल्यावर साबणाने हात, आणि पिंजरा साफ करण्याचं काम मोठ्यांकडे, एवढं पुरतं.

नवीन प्राणी आणताना दुकानात त्याच्याइतकंच त्याच्या शेजाऱ्यांकडे बघा. त्याच पिंजऱ्यातला एक जरी खाजवत असेल तर सगळेच तसे आहेत असं धरा. घरी आणल्यावर दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा, आधी जुन्यांचं दाणापाणी करा आणि नव्याचं शेवटी.

तीन डोस वेळेवर झाले, केस मात्र येत नाहीत किंवा खाज परत सुरू झाली, तर चौथ्याची मागणी करण्याआधी मागे जाऊन तपासा. एखादा प्राणी डोसातून सुटला होता का? पिंजऱ्यात लाकडाचा ओंडका, नारळाची करवंटी, कापडी झोळी तशीच राहिली का? मधल्या काळात वजन वाढलं, आणि डोस जुन्या वजनावरच दिला गेला का? हे सगळं ठीक असेल, तर पुन्हा कातडी खरवडून बघायला सांगा आणि या वेळी बुरशीचीही तपासणी करून घ्या.